नवरी म्हणजे पायसम

"उष्टं नको गे. मज नाक आहे."

असं म्हणून त्या पळी उकळत्या सांबारात बुडवायच्या, उचलून नाकापासून वीतभर लांब धरायच्या आणि डाव्या हाताने वाफ स्वतःकडे ओढायच्या. आरतीवर हात फिरवून आपण डोळ्यांना लावतो ना, तसा तो हात. मग डोळे मिटून क्षणभर थांबायच्या. "मीठ आलं. चिंच कच्ची आहे. अजून चार उकळ्या येऊं द्या." आणि चार उकळ्यांनंतर चिंच खरोखर पिकलेली असायची.

चाखायच्या मात्र कधीच नाहीत. देवाला दाखवण्याआधी अन्नाला जीभ लागली तर ते उष्टं. चारशे माणसांचं जेवण त्या नाकावर करायच्या. आमच्याकडच्या कर्मठ घरांत लग्न ठरलं की तारखेच्या आधी त्यांना विचारलं जायचं ते याच एका गोष्टीसाठी.

तुम्हीही लग्नांत जेवला असाल. पानावर काय आलं ते आपल्याला आठवतं, मागे कोण होतं ते नाही. मी मागेच असायचे. म्हणून मला पंगती आठवत नाहीत, त्या आठवतात. आणि आठवल्या की जेवताना माझा हात थांबतो, कारण त्यांचं ते स्वयंपाकघर माझ्या एका वाक्याने बंद झालं. हे आधीच सांगून टाकते. पुढे हसण्यासारखं बरंच आहे, आणि ते सांगताना मीच हसले तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल.

तंजावरात सगळे त्यांना मामी म्हणत. मीही. आमच्या घरापासून तिसरं दार त्यांचं. माझी आई त्यांच्या हाताखाली भाजी चिरायची. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, बी.ए. इंग्रजी. शनिवार-रविवार मी त्यांच्याबरोबर मंडपमात, म्हणजे लग्नाच्या हॉलात, जायचे. सामानाच्या याद्या लिहायच्या, फोन घ्यायचे, हिंदी किंवा इंग्रजी बोलणारं कुणी आलं तर पुढे व्हायचं. मामी तमिळ सावकाश वाचत. मराठी त्यांना वाचता येत नव्हती. आमच्यात फार थोड्यांना येते. आमची मराठी तोंडाची. मी ही लिपी गेल्या वर्षी मोबाइलवर शिकले, तेव्हा चुका दिसल्या तर समजून घ्या.

आमच्या सहाजणींच्या कंपूत सगळ्या मराठी. मंडपमातले बाकी सगळे तमिळ. स्वयंपाकघरात कायम कुणी ना कुणी यजमानांपैकी डोकवायचं. एखादी काकू कॉफीसाठी, एखादे मामा नुसतेच पहारा देत. त्यांच्यासमोर "सांबार पुरणार नाही, पाणी घाला" असं कसं म्हणणार? म्हणून मराठी. पण इथे एक अडचण होती, आणि ती मामींनी माझ्या जन्माच्या आधी सोडवली होती.

अडचण अशी की आमच्या मराठीत खाण्याचे अर्धे शब्द तमिळ आहेत. सांबार, रसम, पायसम म्हणजे तुमची खीर, अप्पळम म्हणजे तुमचा पापड. वाक्य कितीही मराठी करा, मधला नेमका शब्द समोरच्याला कळायचा आणि त्याचे कान टवकारायचे. "एक शब्द फुटला की सगळं भांडं गळतं," मामी म्हणायच्या. म्हणून त्यांनी प्रत्येक पदार्थाला नातं दिलं होतं.

सांबार म्हणजे मामंजी. सगळ्यांच्या आधी येतात आणि त्यांच्याशिवाय काही सुरू होत नाही. रसम म्हणजे विहीण, कारण तिखट आणि पातळ. पायसम म्हणजे नवरी. अप्पळम म्हणजे जावई.

"जावई का?" मी लहानपणी विचारलं होतं.

"फुगतो. आणि बोट लावलं की मोडतो."

मिठाला त्या अक्कल म्हणत. त्यामुळे "मामंजींस अक्कल कमी आहे" असं एखादी ओरडली की दुसरी मिठाचा डबा घेऊन धावायची, आणि दारातले तमिळ मामा मान डोलवत उभे. पाण्याला बरीच वर्षं पाणीच म्हणायचे. मग गावात पाणीपुरीच्या गाड्या आल्या, आणि 'पाणी' म्हणजे काय ते शाळेतल्या पोरांनाही कळायला लागलं. मामींना त्याचा फार राग आला होता. "चांगला शब्द नेला गे मेल्यांनी." त्या दिवसापासून पाणी म्हणजे गंगा. "मामंजींस गंगास्नान" म्हणजे सांबार वाढवा.

माणसांवर मात्र त्या ही भाषा चालू देत नसत. एकदा मी एका पोट सुटलेल्या गृहस्थांना बघून "पिंप आलं" म्हणाले. मामींनी नारळाची शेंडी माझ्या दिशेने फेकली. "जेवणावर हस. जेवणाऱ्यावर नको."

आता नवरीची गोष्ट. पापनाशमच्या एका लग्नात पायसम खाली लागलं. मी दारातून ओरडले, "मामी, नवरी करपली!" मामी आतून शांतपणे म्हणाल्या, "वरून उचला. बुडास हात लावूं नका. वेलची घाला, कोणास कळणार नाही."

दाराशी एक तरुण कॉफी पीत उभा होता. नवऱ्याचा ऑफिसातला मित्र, पुण्याहून आलेला. त्याचा चेहरा असा झाला की कॉफी कपात असूनही सांडल्यासारखी वाटली. तो कप तसाच ठेवून पळाला. नवरीच्या खोलीपर्यंत गेला, दार वाजवलं, ती आरशासमोर धडधाकट बसलेली पाहिली, तिच्या मावश्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि परत आला.

"तुम्ही... मराठी?" त्याने विचारलं.

मामींनी वाटीत पायसम घेऊन त्याच्या हातात दिलं. "ही नवरी. खा. करपली आहे की पाहा."

तो इतका हसला की आम्हालाही धीर आला. जाताना मामींच्या पाया पडला. तो गेल्यावर आई म्हणाली, आता नाव बदलायला हवं. "कां म्हणून?" मामी म्हणाल्या. "पुण्याहून रोज येतो की काय तो?"

पहिल्या वर्षाला आमच्या बाईंनी वर्गात सहज एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत नावाहो नावाचे लोक आहेत, मोठ्या युद्धात सैन्याने त्यांच्या भाषेत निरोप पाठवले आणि शत्रूला ते कधीच उलगडले नाहीत. मी वहीत काही लिहिलं नाही, शनिवारची वाट पाहिली. मामी विळीवर नारळ खवत होत्या.

"कोणती भाषा म्हणालीस?"

"नावाहो."

"नावा, हो!" त्यांनी हाक मारल्यासारखं म्हणून पाहिलं. "नदीकाठी उभं राहून कोणी होड्या बोलावतो तसं. बरें, पुढे?"

"त्यांच्याकडे रणगाड्याला शब्द नव्हता मामी. मग ते कासव म्हणायचे. पाणबुडीस लोखंडी मासा. हातानं फेकायच्या बॉम्बास बटाटा."

खवणं थांबलं. "बटाटा?"

"होय."

"मग खरा बटाटा पाहिजे असला तर काय म्हणायचे?"

"ते बाईंनी सांगितलं नाही."

"हुडक," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "एखाद्या स्वयंपाक्यानं दोन पोती बटाटे मागवले असतील बिचाऱ्यानं. काय आलं असेल कोण जाणे." मग पुन्हा खवायला लागल्या आणि थोड्या वेळाने, "शत्रूच्या बाजूस त्यांचा कोणी पुण्याचा मित्र नव्हता ना?"

त्या दिवसापासून यजमानांपैकी कुणी स्वयंपाकघराकडे येताना दिसलं की पहिली बघणारी हळूच म्हणायची, "नावा हो." आणि सगळ्यांच्या जिभा वळायच्या. मी मात्र बाईंकडे जाऊन सांगितलं नाही, आमच्याकडेही असं आहे म्हणून. लाज वाटली. लढाई कुठे आणि सांबार कुठे.

मागच्या पावसाळ्यात मामींना ताप आला. आठ दिवसांत गेला, पण नाक घेऊन गेला.

हे आम्हाला लगेच कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं, किंवा कळलं असून त्या वाट बघत असाव्यात. एका साठीशांतीच्या जेवणात त्यांनी नेहमीसारखी पळी उचलली, वाफ ओढली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अक्कल आली." थोड्या वेळाने पंगतीतून वाढपी परत आला, मीठ मागत. मग दुसरा आला. मामी चुलीसमोर उभ्या होत्या आणि प्रत्येक वेळी मीठ मागितलेलं ऐकत होत्या.

दुपारी सगळ्या भांडी आवरत असताना त्यांनी मला मागच्या अंगणात बोलावलं. त्यांच्या हातात हिंगाचा डबा होता. त्यांनी खडा काढून माझ्या नाकाशी धरला.

"ह्यास वास आहे की?"

"आहे मामी."

"कितीसा?"

"डोळ्यांत पाणी येतं एवढा."

त्यांनी खडा डब्यात ठेवला, झाकण घट्ट लावलं. "बरें. मग डबा चांगला आहे."

नळावर एक कावळा चोच घालत होता, त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, जिभेलाही काही लागत नाही. कॉफी आणि गरम पाणी सारखंच. मी म्हणाले, डॉक्टर. त्या म्हणाल्या, दाखवलं. येईल म्हणाले, नाहीही येणार म्हणाले. "तू चाख," त्या म्हणाल्या. "कोणास सांगू नको. तुझ्या आईसही नको."

मला भीती वाटली. उष्ट्याची भीती माझ्यातही होतीच, त्यांनीच घातलेली. त्यांनी त्यावर वाट काढली. नैवेद्याचं आधी वेगळं काढून झाकून ठेवायचं. "देव अळणी चालवून घेतो गे. विहीण नाही घेत." मग पळीतून एक थेंब माझ्या तळहातावर, पळीला स्पर्श न करता. मी कोठीतल्या खांबामागे जायचं, थेंब जिभेवर घ्यायचा, हात धुवायचा, परत यायचं आणि कुणी असलं तर आमच्या भाषेत सांगायचं. थेंब हातावर पडला की शास्त्राने भांडं उष्टं होत नाही, असं मामी म्हणायच्या. पण ते म्हणताना माझ्याकडे बघत नसत.

आणि सगळ्यांच्या देखत त्या पूर्वीसारखीच पळी उचलायच्या. वाफ ओढायच्या. डोळे मिटायच्या. मी खांबामागून येऊन त्यांच्याजवळून जाताना पुटपुटायचे, "मामंजींस चिमूटभर अक्कल." मग त्या डोळे उघडून मोठ्याने तमिळमध्ये सांगायच्या, मीठ थोडं लागेल. सगळ्या मान डोलवायच्या. काय नाक आहे!

सात महिने असं चाललं. आईला कळलं नाही. मला वाटायचं, मी कुणीतरी आहे. कॉलेजात मी मागच्या बाकावर बसायचे, इंग्रजीत प्रश्न आला की वही उलटायची. इथे चारशे माणसांचं मीठ माझ्या जिभेवर ठरत होतं. हे कुणाला सांगता येत नव्हतं, आणि मला सांगावंसं वाटत होतं. यातलं खरं पाप कोणतं, ते मला आता कळतं. थेंब नाही, ते सांगावंसं वाटणं.

फेब्रुवारीत एक मोठं लग्न होतं. दोन्हीकडची घरं जुन्या वळणाची, सोवळं पाळणारी. नवरीची मोठी बहीण बेंगळुरूला नोकरीत. सकाळी ती कॉफीसाठी स्वयंपाकघरात आली. खांबामागच्या फेऱ्यांच्या मधे मी खिडकीशी पुस्तक घेऊन बसले होते, सोमवारी परीक्षा होती. तिने पुस्तक पाहिलं आणि माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागली. कोणतं कॉलेज, काय आवडतं, पुढे काय करणार. मी अडखळले तर ती थांबायची. माझं वाक्य माझ्या तोंडातून काढून घेऊन स्वतः पुरं करायची नाही. असं माझ्याशी तोवर कुणी इंग्रजी बोललं नव्हतं. मामी दोन पावलांवर वडे थापत होत्या.

मग ती हसून म्हणाली, तू सारखी त्या खांबामागे काय करतेस? मघापासून बघते आहे.

मला काहीही सांगता आलं असतं. हात धुते. फोन बघते. पण ती विचारत होती इंग्रजीत, आणि मला वाटलं, ही आता माझी चोरभाषा. मामींना ही येत नाही, कंपूत कुणालाच येत नाही. माझ्याकडे वाक्य तयार होतं. मनात कितीदा घोळवलेलं असावं, कारण ते एकदाही न अडखळता आलं.

"शी कान्ट स्मेल आफ्टर द फीवर. सो आय टेस्ट एव्हरीथिंग फॉर हर."

व्याकरण बरोबर होतं. त्या क्षणी मला त्याचाच आनंद झाला. हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

स्मेल. फीवर. टेस्ट. तमिळनाडूत अशी एक आजी दाखवा जिला हे तीन शब्द येत नाहीत. "फीवर वंदुदु," ताप आला, "टेस्टे इल्लै," चवच नाही, असं आमच्याकडे दूधवालाही म्हणतो. ज्या बाईने आयुष्यभर फुटणारे शब्द वेचून बाजूला काढले, तिच्यासमोर मी तिन्ही फुटके शब्द एका वाक्यात घातले.

मामींचा हात वड्यावर थांबला. वड्याला मधे भोक पाडायचं असतं, त्यासाठीचं बोट तसंच वर राहिलं. मग त्यांनी भोक पाडलं आणि वडा तेलात सोडला.

"हाउ स्वीट," बहीण म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला ती एक गोड गोष्ट वाटली, आणि गोड गोष्ट म्हणून तिने ती आईला सांगितली. आईने नवऱ्याकडच्या कुणाला तरी.

पहिल्या पंगतीची पानं मांडली जात होती तेव्हा नवऱ्याकडचे एक वृद्ध गृहस्थ स्वयंपाकघराच्या दारात आले. उंबरा ओलांडला नाही. आवाज चढवला नाही. तमिळमध्ये विचारलं, "ही मुलगी अन्न चाखते, हे खरं आहे का?"

"नावा हो," असं म्हणायला कुणाला सुचलं नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आईसुद्धा, हातात सुरी तशीच. मी म्हणू शकले असते की मी थापा मारल्या, शहरातल्या बाईसमोर भाव खायला. ते अर्धं खरंही होतं. माझं वय पाहून त्यांनी विश्वास ठेवला असता. माझ्याकडे तीन भाषा होत्या. मी एकीतही तोंड उघडलं नाही.

मामींनी हात पुसले. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं म्हणून. मुलीचा दोष नाही."

"तुमचं नाव ऐकून आम्ही इथे जेवायचं ठरवलं होतं," ते गृहस्थ एवढंच म्हणाले आणि गेले.

तमाशा झाला नाही. झाला असता तर बरं, असं पुढे कितीदा वाटलं. तरुण माणसं पोटभर जेवली, पायसम दोनदा मागितलं. मोठ्यांच्या रांगेतल्या बावीस पानांवर केळी आणि वाटीत दूध वाढलं गेलं. उरलेलं पान हिरवंगार, कोरं. पंगत उठल्यावर ती पानं कोणी उचलायची, हा प्रश्नच आला नाही. मामी स्वतः गेल्या. एकेक पान दुमडून उचललं. मी मदतीला गेले तर त्या माझ्या पुढचं पान आधी उचलत राहिल्या. त्यामुळे माझ्या हाताला एकही लागलं नाही.

परतताना आम्ही व्हॅनमध्ये बसलो. रिकामी पातेली एकमेकांवर आपटत होती. आमचा रस्ता आला तेव्हा मामी माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "नींग एंग इरंगणुम?"

तुम्ही कुठे उतरणार.

तमिळमध्ये. आणि तुम्ही. मी जन्मले तेव्हा मला पहिल्यांदा न्हाऊ घालणाऱ्या बाईंनी, ज्यांच्या दारापासून तिसरं दार माझं. आई खिडकीबाहेर बघत होती. मी मराठीत म्हणाले, "मामी, घराशीच." त्यांनी ड्रायव्हरला तमिळमध्ये सांगितलं, ह्यांना इथे सोडा.

आईला दुसरंच लागलं होतं. रात्रीचं जेवण तिने केलं नाही. "सात महिने मजजवळ बसून भाजी निवडत होत्या," ती म्हणाली. "मज सांगितलं नाही. तुज सांगितलं." मग अंथरूण घालताना, "आणि तुज सांगून काय मिळालं त्यांस."

पुढची ठरलेली दोन लग्नांची कामं हातची गेली. तिसरं मामींनी स्वतः नाही म्हणून कळवलं. मी दोनदा त्यांच्या दारी गेले. "वांग, उक्कारुंग," त्या म्हणायच्या. या, बसा. पाहुण्याला म्हणतात तसं. मी मराठीत बोलायचे, त्या तमिळमध्ये उत्तर द्यायच्या. राग असा कुठेच नव्हता. कॉफी द्यायच्या. कॉफी कशी झाली ते मात्र विचारत नसत. मे महिन्यात ओरत्तनाडूहून त्यांची भाची आली आणि त्यांना घेऊन गेली. दाराला कुलूप आहे.

आम्ही आता दुसऱ्या एका आचाऱ्याकडे जातो. तो चाखतो. सगळ्यांसमोर, मोठ्याने, चमचा चाटून. त्याचे यजमान वेगळे, त्यांना चालतं. आई आणि बाकीच्या तमिळ बोलतात. लपवायचं काही नसलं की मराठी कमी लागते, असं दिसतं. आणि मी हे सगळं अशा लिपीत लिहिते आहे जी माझ्या गल्लीत कुणाला वाचता येत नाही. कबुली द्यायची तर त्यांच्या भाषेत द्यावी, असं मी स्वतःला सांगते. पण हेही खांबामागे जाणंच आहे, हेही मला कळतं.

गेल्या महिन्यात मी ओरत्तनाडूला गेले. बसमध्ये एकच वाक्य पाठ करत होते, मराठीतलं. माफीचं. साधं होतं. तरी दर थांब्याला त्यातला एक शब्द बदलत होते.

भाचीने दार उघडलं. मामी चुलीपाशी होत्या, जरा वाळलेल्या. "वांग," म्हणाल्या. घरात भाची, तिचा नवरा आणि शाळेतल्या दोन मुली. स्वयंपाक मामींचाच. भाचीने तो त्यांच्या हातून काढून घेतलेला नव्हता.

आम्ही पाचजण ओळीने बसलो. पानाच्या डाव्या कोपऱ्यात मीठ वाढतात, तुमच्याकडेही वाढत असतील. चिमूटभर असतं, बहुधा तसंच राहतं. इथे भाचीने प्रत्येक पानावर मिठाचा लहानसा ढीग घातला. मी तिच्याकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही.

मामींनी भात वाढला, वर सांबार ओतलं. रंग तोच, चिंच तीच. मी घास घेतला. मीठ अजिबात नव्हतं. शेजारच्या धाकट्या मुलीचा हात पानाच्या कडेलाच होता. कुणीच पुढचा घास घेत नव्हतं. मला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. मी पाठ केलेलं वाक्य मनात जुळवलं.

मामी भाजीचं भांडं आणायला वळल्या. पाठ आमच्याकडे झाली आणि चारही हात एकदम हलले. मीठ उचललं, भातात कालवलं. आवाज न करता, सवयीने, धाकटीनेही. मोठीने माझ्या पानाकडे डोळ्यांनी खूण केली, लवकर. मीही उचललं. घाईत थोडं जास्तच पडलं.

मामी चुलीशी उभ्याच होत्या. भाजीचं भांडं हातात होतं, झाकण निघालेलं होतं, तिथे आणखी काही करण्यासारखं नव्हतं. तरी त्या वळल्या नाहीत. मग त्यांनी पळी घेऊन भांड्याच्या काठावर दोनदा वाजवली, लागलेलं काही झटकावं तशी. पळीला काही लागलेलं नव्हतं.

सगळे हात मिठापासून मागे आले. माझाही.

तेव्हा त्या वळल्या.